जुने इनपेज चालवा, पण शेवटचे

शाळेत नवा संगणक आला की उर्दू शिक्षकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: यात जुने इनपेज कसे टाकायचे? मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. मराठीच्या बाजूनेही हाच प्रश्न येतो, तिथे फक्त श्रीलिपीचे नाव असते. माझे उत्तर साधे आहे. जुने सॉफ्टवेअर नव्या संगणकावर जरूर चालवा, पण आत अडकलेला मजकूर बाहेर काढण्यापुरते. रोजच्या कामासाठी ते पुन्हा पुन्हा जिवंत करण्याचा हट्ट आता सोडला पाहिजे.

आधी ते बसत का नाही ते पाहू. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येते आणि ६४ बिटचे विंडोज १६ बिटचे प्रोग्राम चालवत नाही. नव्वदच्या दशकातल्या अनेक सॉफ्टवेअरचा मूळ प्रोग्राम ३२ बिटचा असला तरी त्याची सेटअप फाइल १६ बिटची असे. त्यामुळे सीडी चांगली असूनही पहिल्याच क्लिकला नकार मिळतो. दुसरी अडचण कुलपाची. अशा सॉफ्टवेअरसोबत अनेकदा डोंगल येई आणि ते प्रिंटरच्या पोर्टमध्ये लावावे लागे. नव्या संगणकाला ते पोर्टच नसते. डोंगल यूएसबीचे असले तरी त्याचा ३२ बिटचा ड्रायव्हर ६४ बिटच्या विंडोजला चालत नाही. ‘कम्पॅटिबिलिटी’मध्ये जाऊन एक्सपी निवडा, असा सल्ला सगळे देतात. काही प्रोग्राम त्याने चालतातही, पण १६ बिटचा सेटअप आणि नसलेला ड्रायव्हर ही दोन दुखणी त्याने बरी होत नाहीत.

मग आपण दुकानात जातो. दुकानदार कुलूप तोडलेली प्रत देतो आणि अँटिव्हायरस बंद ठेवायला सांगतो. त्याच संगणकात मुलांचे आधार क्रमांक, निकाल आणि पालकांचे फोन नंबर असतात. प्रश्नपत्रिकेच्या चार ओळींसाठी आपण हे सगळे उघड्यावर ठेवतो. जेवणाच्या ताटावर हलालची चौकशी करणारे आपण चोरीची प्रत मात्र बिनदिक्कत टाकून घेतो, हेही बोलले पाहिजे.

‘पण नस्तालीकचे सौंदर्य?’ हा आक्षेप मला मान्य आहे आणि तो भावनेचा म्हणून उडवून लावता येत नाही. १९८१ मध्ये लाहोरचा ‘जंग’ नूरी नस्तालीकमध्ये निघाला. त्यामागे मिर्झा अहमद जमील यांनी तयार केलेल्या हजारो जोडाकृती होत्या. इनपेजने हे सौंदर्य छोट्या शहरांतल्या डीटीपी केंद्रांपर्यंत आणले. ते उपकार मोठेच आहेत. पण आज नस्तालीक इनपेजच्या मालकीचे राहिलेले नाही. जमील नूरी नस्तालीक आणि नोटो नस्तालीक उर्दू हे फाँट फुकट मिळतात, वर्डमध्ये चालतात आणि युनिकोडमध्ये आहेत. खुद्द इनपेजच्या नंतरच्या आवृत्त्याही युनिकोडकडे वळल्या. उरते ती बोटांची सवय. चाळिशी ओलांडलेल्या शिक्षकाला नवा कीबोर्ड जड जातो, हे मी जाणते. पण आपल्या बोटांच्या सोयीसाठी पुढच्या पिढीचे वाचन अडवण्याचा हक्क आपल्याला नाही.

खरा मसला इथेच आहे. जुन्या इनपेजची फाइल स्वतःच्याच संकेतांत मजकूर साठवते. तो उचलून दुसरीकडे टाकला की कचरा दिसतो. कृतिदेवसारख्या मराठी फाँटचेही तेच. तो फाँट संगणकात नसेल तर मराठी लेखाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. अशा मजकुरात एखादे नाव शोधता येत नाही. दृष्टिहीन मुलाला संगणक तो वाचून दाखवू शकत नाही. भाषांतराचे यंत्रही त्याला हात लावू शकत नाही. मुस्लिमांच्या मराठी-उर्दू लेखनाची दखल कोणी घेत नाही, ही आपली जुनी तक्रार आहे. ती खरीही आहे. पण शाळांच्या स्मरणिका, मुशायऱ्यांच्या पुस्तिका, गावोगावच्या शिक्षकांनी लिहिलेले इतिहास आपणच अशा पेटीत ठेवले आहेत की जिची किल्ली दरवर्षी थोडी अधिक गंजते. शोधणाऱ्याला ते सापडणार कसे?

म्हणून काम असे करावे. जुना एक्सपीचा संगणक अजून चालू असेल तर तो भंगारात देऊ नका. तो नसेल तर व्हर्च्युअलबॉक्ससारख्या प्रोग्राममध्ये जुने विंडोज बसवा, त्याचे इंटरनेट बंद ठेवा आणि आपली विकत घेतलेली प्रत त्यात चालवा. फाइल उघडा, कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये आणा आणि मूळ छापील प्रतीशी ताडून पाहा, कारण रूपांतरात अक्षरे बिघडतात. हे तपासण्याचे काम यंत्र करणार नाही. त्याला उर्दू आणि मराठी जाणणारी माणसेच लागतील, म्हणजे आपणच.

आणि संस्थाचालकांना एक सांगणे. स्मरणिका छापून घेताना मुद्रकाकडे फक्त पीडीएफ मागू नका. युनिकोड फाइल हातात आल्याशिवाय बिल चुकते करू नका. मजकूर आपला आहे, तो आपल्याला वाचता येईल अशा रूपात मिळालाच पाहिजे.