‘सामान्यतः’ ह्या शब्दाचा जाच

वीस वर्षे वकिली केल्यावर एक गोष्ट मला पटली आहे. माणसाचा छळ करण्यास दुष्ट कायदाच लागतो असे नाही. चांगल्या कायद्यातला एखादा सैल शब्दही पुरतो.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचा ५ जून १९९२ चा निवासी डॉक्टरांसंबंधीचा आदेश पाहा. सलग काम सामान्यतः १२ तासांहून अधिक नसावे, आठवड्याचे काम सामान्यतः ४८ तास असावे, आणि कामाची निकड सांभाळून एक साप्ताहिक सुटी मिळावी. किती सुज्ञ आदेश! पण त्या ‘सामान्यतः’ने दार उघडे ठेवले आणि त्यातून ३६ तासांची पाळी सुखेनैव आत आली. २०२३ च्या पदव्युत्तर शिक्षणाच्या नियमांत तर ‘वाजवी तास’ आणि ‘वाजवी विश्रांती’ एवढेच शब्द आले. वाजवी म्हणजे किती, हे ठरविणार कोण? अर्थात जो पाळी लावतो तोच! पुढे २०२४ साली राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिदलाने आठवड्यास ७४ तासांची मर्यादा सुचविली. म्हणजे बत्तीस वर्षांत ४८ चे ७४ झाले, आणि ह्यालाच आपण सुधारणा म्हणावयाचे!

माझी एक भाची निवासी डॉक्टर आहे. गेल्या दिवाळीत फराळाच्या ताटावरच तिचा डोळा लागला. घरची मंडळी हसली. मला हसू आले नाही. त्याच पहाटे तिने कोणाच्या तरी शिरेत सुई घातली होती. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ साली दाखवून दिले की, २४ तास जागलेल्या माणसाचे भान रक्तात सुमारे ०.१० टक्का मद्य असलेल्या माणसाइतकेच उरते. आपला १९८८ चा मोटार वाहन कायदा चालकास ०.०३ टक्क्यांवरच गुन्हेगार ठरवितो. मोटारीच्या चाकावर जे हात आपणांस नकोत, ते शस्त्रक्रियेच्या टेबलाशी कसे चालतात?

ज्येष्ठ डॉक्टर म्हणतात, ‘आम्ही नाही का जागलो? वैद्यकी हे व्रत आहे.’ व्रत स्वतः घ्यावयाचे असते, महाराज! दुसऱ्यास उपाशी बसवून कोणी व्रतस्थ होत नाही. आणि जे कोलमडतात त्यांना ‘मनाने दुबळे’ म्हणून योगासनांचा उपदेश करणे ही तर क्रूर थट्टा होय. ‘बर्नआउट’ हा रोग नसून कामाच्या जागेवरील दीर्घकाळच्या अनिवार ताणातून उद्भवणारी अवस्था आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्पष्ट केले. तेव्हा औषध द्यावयाचे ते त्या जागेस.

ते औषध म्हणजे विशेषण नव्हे, आकडा. कायद्यात तासांची मर्यादा आकड्याने लिहावी, तासांची नोंद ठेवावी, आणि ती मोडल्यास पाळीपत्रकावर ज्याची सही आहे त्यास दंड व्हावा. हयगयीच्या दाव्यात आम्ही वकील विचारतो, ‘डॉक्टरांनी वाजवी काळजी घेतली काय?’ मीही विचारले आहे. यापुढे त्याआधी दुसरा प्रश्न विचारला पाहिजे : ‘तो डॉक्टर किती तास जागा होता, आणि कोणाच्या हुकमाने?’