ज्ञानाच्या दारावरील जकात

काटोल तालुक्याचे नाव संत्र्यामुळे सर्वदूर गेले. परंतु त्या बागांत राबणाऱ्या मजुराच्या खिशात संत्रे नसते, खर्ऱ्याची पुडी असते. सुपारी, तंबाखू आणि चुन्याचे हे मिश्रण गालात धरून तो भूक मारतो आणि काही वर्षांनी त्याचे तोंडच उघडेनासे होते. सबम्युकस फायब्रोसिस नावाचा हा कर्करोगपूर्व विकार भारतात डॉ. जोशी यांनी १९५३ साली नोंदवला. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००३ मध्ये जाहीर केले.

हा मजूर नागपूरच्या दंत महाविद्यालयातील खुर्चीवर बसतो, तेव्हा त्याच्यासमोर उभा राहणारा विद्यार्थी या रोगावरील ताजे संशोधन कोठे वाचतो? प्रतिष्ठित मंडळींचे उत्तर ठरलेले आहे : हल्लीची मुले वाचतच नाहीत; चित्रफिती पाहतात आणि व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या टिपणांवर परीक्षा काढतात. दोष विद्यार्थ्याच्या माथी मारला की व्यवस्थेला प्रश्न विचारण्याची गरज उरत नाही.

वस्तुस्थिती निराळी आहे. पबमेड ही वैद्यकीय संशोधनाची सूची १९९७ पासून सर्वांना मोफत खुली आहे. विद्यार्थी तेथे शोध घेतो, त्याला सारांश मिळतो. पुष्कळदा पूर्ण लेखाच्या दारावर मात्र कुलूप असते. एका लेखाची किंमत तीस-चाळीस डॉलर, म्हणजे सुमारे तीन हजार रुपये. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. मजुराच्या दहा दिवसांच्या घामाची किंमत एका लेखाला! मग विद्यार्थी सारांशावर भागवतो आणि त्या अर्धवट ज्ञानाची किंमत रुग्ण मोजतो.

ही किंमत येते कोठून? लेखकाला मानधन नाही, परीक्षण करणाऱ्या तज्ज्ञाला बहुधा छदामही नाही. शासकीय प्राध्यापकाचा पगार जनतेच्या करातून येतो. अभ्यासासाठी तोंड उघडून बसतो तो गरीब रुग्ण. संगणकावर आणखी एक प्रत काढण्याचा खर्च जवळपास शून्य. तरीही एल्सव्हियरसारख्या कंपनीच्या नफ्याचे प्रमाण तीस टक्क्यांहून अधिक राहते. अर्थशास्त्राच्या भाषेत याला मक्तेदारीचे खंड म्हणतात. साध्या मराठीत जकात. ही जकात चुकवणारे सायहब हे संकेतस्थळ भारतात रोखण्याचा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला. कुलूप अधिक पक्के झाले. किल्ली कोणाकडे असावी, हा प्रश्न तसाच राहिला.

केंद्र सरकार म्हणेल, आम्ही किल्ली दिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजना मंजूर झाली : तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके. योजनेचा लाभ खरा आहे. तो नाकारण्याचा करंटेपणा आपण करू नये. पण ती शासकीय संस्थांसाठी आखली गेली आणि महाराष्ट्रातील बहुतांश दंत महाविद्यालये खाजगी आहेत. तेथील मालकांनी लाखोंचे शुल्क घेऊन स्वतः वर्गणी भरावी, हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. परंतु खुर्चीवरील रुग्णाने महाविद्यालयाची मालकी पाहून रोग निवडलेला नसतो. शिवाय जनतेच्याच पैशाने झालेले संशोधन जनतेच्याच पैशाने परत विकत घेण्याला ज्ञानाची मुक्ती म्हणता येत नाही. ती मक्तेदारांना दिलेली खंडणी होय.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. सार्वजनिक निधीतून झालेले संशोधन प्रसिद्धीच्या दिवसापासून सर्वांना मोफत मिळावे. योजनेची कक्षा खाजगी महाविद्यालयांपर्यंत वाढवावी आणि तिचा खर्च विद्यार्थ्यांकडून नव्हे, मालकांच्या नफ्यातून वसूल करावा. महाराष्ट्राने १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालय कायदा केला. त्या कायद्याखालील तालुका ग्रंथालयांतही ही नियतकालिके खुली व्हावीत आणि मुखरोगांवरील संशोधनाचे सार मराठीत यावे.

कार्यकर्त्यांनी हा प्रश्न मूठभर शिकलेल्यांचा समजू नये. ज्याच्या तोंडावर हे शास्त्र लिहिले गेले, त्या काटोलच्या मजुराचा त्यावर पहिला हक्क आहे. त्याचे तोंड रोगाने मिटत चालले आहे. निदान आपण तरी आपले तोंड मिटून बसता कामा नये.