पगार निकालावर तोलण्याआधी

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

दहावीचे निकाल लागले की एक मागणी हमखास पुढे येते: शिक्षकांचा पगार मुलांच्या निकालावर ठरवा. त्यामागचा संताप मला समजतो. पाचवीतल्या कितीतरी मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही, हे 'असर' या शैक्षणिक पाहणीचे अहवाल वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. मजुरी करून मुलाला शाळेत घालणाऱ्या बापाने जाब विचारलाच पाहिजे. पण त्याचे उत्तर पगारबिलात शोधाल, तर सगळ्यात मागे राहिलेल्या मुलावरच पहिला घाव बसेल. तो घाव टळावा म्हणून हे पत्र.

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर शिकवले. आमच्याकडे दसरा-दिवाळी झाली की वर्ग ओस पडू लागतात. ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल आधीच घेऊन झालेली असते. ट्रॅक्टर येतो, भांडीकुंडी, शेळ्या, पोरेबाळे चढतात आणि बिऱ्हाड साखर कारखान्याच्या वाटेला लागते. तिसरीतली एक मुलगी मला विसरता येत नाही. दिवाळीआधी ती जोडाक्षरे वाचू लागली होती; 'चंद्र' हा शब्द फळ्यावर स्वतः लिहून मागे वळून बघायची. मग ती आई-बापांबरोबर फडावर गेली. आई-बाप पहाटेच तोडीला जायचे आणि कोपीवर धाकट्या भावाला तीच सांभाळायची. एप्रिलमध्ये परत आली तेव्हा 'द्र' तिला ओळखू येईना. आणि समोर वार्षिक चाचणी. तिचे गुण कोणाच्या पगारात धरायचे? माझ्या? कारखान्याजवळच्या ज्या शाळेत तिचे नाव कधी लागलेच नाही, तिथल्या गुरुजींच्या? की आई-बाप तोडीला गेल्यावर मुलांना गावातच राहता यावे म्हणून असलेले हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू न करणाऱ्यांच्या?

पगार निकालावर गेला, तर बदलीचा अर्ज भरताना कोणता शिक्षक ऊसतोड कामगारांची वाडी किंवा तांडा मागेल? जिथे आई-वडील शिकलेले, घरी अभ्यास घेणारे आणि शिकवणी लावणारे, तीच शाळा सगळ्यांना हवी होईल. माध्यमिक शाळांत याची झलक आजही दिसते. शाळेचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून नववीतल्या कच्च्या मुलाच्या पालकांना बोलावून घेतात आणि 'याचा सतरा नंबरचा फॉर्म भरा', म्हणजे खासगीरीत्या परीक्षेला बसवा, असा सल्ला देतात. मूल शाळेबाहेर, निकाल शाबूत. आज हे फक्त शाळेच्या नावासाठी होते. उद्या त्यात घरखर्चाचा प्रश्न मिसळला, तर किती मुले अशी बाहेर काढली जातील याचा विचार करा.

पैसा निकालाला बांधण्याचा हा प्रयोग नवा नाही. इंग्लंडमध्ये १८६२ साली रॉबर्ट लो यांनी शाळांचे अनुदान वाचन, लेखन आणि गणित यांच्या वार्षिक परीक्षेला बांधले. इन्स्पेक्टरसमोर मूल एका विषयात नापास झाले की दोन शिलिंग आठ पेन्स कापले जात, आणि त्याची झळ शिक्षकाच्या पगाराला बसे. मुलांकडून क्रमिक पुस्तक तोंडपाठ करून घेणे सुरू झाले. स्वतः शाळा तपासणीस असलेल्या मॅथ्यू आर्नल्ड यांनी त्याविरुद्ध सातत्याने लिहिले. शतक संपण्याआधी इंग्लंडने ही पद्धत सोडून दिली. अमेरिकेत अटलांटा शहरात गुणवाढीच्या दडपणाखाली शिक्षकांनीच उत्तरपत्रिकांवरची चुकीची उत्तरे खोडून बरोबर केली. २०११ च्या चौकशी अहवालात ४४ शाळांमधल्या १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांवर ठपका आला. कॉपीमुक्त अभियान राबवावे लागणाऱ्या आपल्या राज्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

आपल्याच विभागाचा अनुभवही ताजा आहे. बारा वर्षांनंतरची वरिष्ठ वेतनश्रेणी आणि चोवीस वर्षांनंतरची निवडश्रेणी यांसाठी ऑक्टोबर २०१७ च्या शासन निर्णयाने शाळा 'शाळासिद्धी' या शाळा-मूल्यमापनात 'अ' श्रेणीत असण्याची अट घातली होती. शाळासिद्धीत अध्यापन तर आहेच, पण खोल्या, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह, रॅम्प, मैदान हेही आहे. गळके छत दुरुस्त करायचे जिल्हा परिषदेने आणि वेतनश्रेणी अडायची चौथीच्या बाईंची. शिवाय ते स्वयंमूल्यमापन. शाळेने स्वतःला द्यायच्या गुणांवर पगार टांगला की गुण खरे कसे राहणार? शिक्षक संघटनांनी विरोध केला आणि पुढे ती अट रद्द झाली. ती परत येऊ देऊ नका.

दुसरी बाजू मी लपवणार नाही. २००५ पासून आंध्र प्रदेशात कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी ग्रामीण सरकारी प्राथमिक शाळांत बोनसचा मोठा प्रयोग केला. तिथे मुलांचे गणित आणि भाषा खरोखर सुधारली. पण तिथे पगाराला कोणी हात लावला नव्हता. बोनस पगाराव्यतिरिक्त होता, सरासरी वार्षिक पगाराच्या तीनेक टक्के. मोजली गेली ती मुलाची वर्षभरातली वाढ, आणि चाचणी बाहेरच्यांनी घेतली. जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले, त्यातही हाच क्रम आहे. गावच्या शिक्षकाला किमान बारा रुपये पगार द्या, आणि ज्याची मुले जास्त संख्येने उत्तीर्ण होतील त्याला नेहमीच्या पगारावर वेगळे बक्षीस द्या, असे त्यांनी सुचवले. आधी पोटभर पगार, मग बक्षीस.

हा क्रम आपण अजून पाळलेला नाही. विनाअनुदानित शाळांत वर्षानुवर्षे बिनपगारी शिकवणारे, वीस-चाळीस टक्क्यांच्या टप्पा अनुदानासाठी आझाद मैदानात बसणारे शिक्षक याच राज्यातले आहेत. प्राथमिक शिक्षणसेवक तीन वर्षे सोळा हजार रुपये मानधनावर राबतो. त्यांना निकालाचा हिशेब कोणत्या तोंडाने मागायचा?

म्हणून माझी मागणी अशी. कोणाच्याही पगाराला, वेतनवाढीला, वेतनश्रेणीला मुलांच्या गुणांची अट लावू नये. बक्षीस द्यायचेच असेल, तर ते वेगळे द्यावे, एकट्या शिक्षकाला न देता साऱ्या शाळेला द्यावे, आणि जूनमध्ये मूल कुठे होते व एप्रिलमध्ये कुठे पोहोचले हे बाहेरच्या माणसांनी तपासून द्यावे. स्थलांतरित आणि दिव्यांग मुलांना सांभाळणाऱ्या शाळांचा त्यात आधी विचार व्हावा. मतदारयाद्या, सर्वेक्षणे, रोज भरायची ऑनलाइन माहिती यांत शिक्षकांचे किती दिवस जातात, ते आपल्या विभागाने मोजून जाहीर करावे. जाब विचारायचा तर आधी शिकवायला वेळ द्यावा लागेल.

आणि एक काम याच वर्षी करता येईल. ऊसतोडीच्या तालुक्यांत हंगामी वसतिगृहांचे आदेश मंजुरीसह सप्टेंबरअखेर निघावेत. ट्रॅक्टर दिवाळीनंतर लगेच येतात.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक,
जि. बीड