जागतिक आरोग्यमंच आणि आपले विद्यार्थी

वैद्यकाच्या विद्यार्थ्याने आधी ग्रंथ वाचावेत, परीक्षा द्याव्यात, नोंदणी करून घ्यावी आणि मगच जगाला काही सांगावयास निघावे, असा समज आपल्या व्यवसायात दृढ आहे. गेल्या काही वर्षांत मात्र आपल्या महाविद्यालयांतील मुले-मुली आंतरराष्ट्रीय परिषदांना जाऊ लागली आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये गांधीनगर येथे व डिसेंबर २०२५ मध्ये नवी दिल्ली येथे जागतिक आरोग्य संघटनेच्या पारंपरिक वैद्यकविषयक शिखर परिषदा झाल्या आणि तेव्हापासून या उत्साहाला भरतीच आली आहे. ज्येष्ठ वैद्यमित्र आम्हांस विचारतात, "या मुलांना नाडी धड कळत नाही, ती जगाच्या आरोग्यावर काय बोलणार?" प्रश्न अगदीच अनाठायी नाही. तरीही मुलांनी जावे, बोलावे, असेच आमचे स्पष्ट मत आहे. त्यांनी काय घेऊन जावे, यावर मात्र आपण सर्वांनी, आणि विशेषतः औषधी-निर्मात्यांनी, गंभीरपणे विचार करण्याची वेळ आली आहे.

विद्यार्थ्यांचे असे संघटन ही नवी गोष्ट नव्हे. औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा आंतरराष्ट्रीय महासंघ १९४९ साली लंडनमध्ये स्थापन झाला, वैद्यक विद्यार्थ्यांचा १९५१ साली कोपनहेगनमध्ये. दुसऱ्या महायुद्धाने फाटलेल्या युरोपात तरुण डॉक्टरांनी परस्परांच्या रुग्णालयांत जाऊन शिकावे, एवढाच आरंभीचा हेतू होता. आज हे महासंघ जागतिक आरोग्य संघटनेशी अधिकृत संबंध राखून आहेत आणि जिनिव्हाच्या वार्षिक आरोग्य सभेत त्यांचे प्रतिनिधी निवेदने मांडतात. विद्यार्थ्यांच्या बोलण्याने काय होते, असे म्हणणाऱ्यांसाठी मात्र आम्ही सभेतील निवेदनांचा दाखला देणार नाही. त्यासाठी २००१ सालचे येल विद्यापीठाचे प्रकरण अधिक उपयोगी आहे.

येलमधील विल्यम प्रुसॉफ व ताइ-शुन लिन या संशोधकांनी स्टॅव्हुडिन या द्रव्याचा एचआयव्ही विषाणूवरील परिणाम दाखवून दिला होता. विद्यापीठाने त्याचे पेटंट घेतले आणि उत्पादनाचे एकाधिकार ब्रिस्टल-मायर्स स्क्विब या कंपनीस दिले. स्वामित्वधनापोटी विद्यापीठास वर्षाकाठी कोट्यवधी डॉलर मिळत. इकडे दक्षिण आफ्रिकेत लक्षावधी रुग्ण होते व औषध त्यांच्या आवाक्यापलीकडे होते. फेब्रुवारी २००१ मध्ये 'मेदसां सां फ्रोंतिएर' या वैद्यकीय सेवासंस्थेने येलला पत्र लिहून विचारले की, या औषधाची स्वस्त प्रत दक्षिण आफ्रिकेत आणू द्याल काय? विद्यापीठाने उत्तर दिले की, अधिकार कंपनीस दिलेले असल्याने निर्णय कंपनीचा.

येथे विद्यार्थी पुढे आले. एमी कॅपचिन्स्की ही तेव्हा तेथे कायद्याच्या पहिल्या वर्षात शिकत होती. तिने व तिच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठातील संशोधक, अध्यापक व विद्यार्थी यांच्या सह्या गोळा केल्या. खुद्द प्रुसॉफ यांनी त्यांना जाहीर पाठिंबा दिला. मार्चच्या मध्यास कंपनीने घोषणा केली की, दक्षिण आफ्रिकेत ती आपला पेटंटहक्क बजावणार नाही आणि औषधाची किंमत दिवसाला १५ सेंट, म्हणजे वर्षाला सुमारे ५५ डॉलर राहील. पत्रापासून घोषणेपर्यंत जेमतेम महिना लोटला होता. याच फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसुफ हमीद यांनी तीन औषधांचा एकत्रित उपचार सेवासंस्थेस वर्षाला ३५० डॉलरला देऊ केला होता. पाश्चात्त्य बाजारात त्याच उपचारास दहा हजार डॉलरहून अधिक लागत. मुंबईतील निर्मात्याने स्वस्त औषध करता येते हे दाखविले आणि येलच्या मुलांनी ते पोहोचण्यातील अडसर हलविला. पुढे याच धडपडीतून अत्यावश्यक औषधांसाठी झटणारी विद्यार्थ्यांची संघटना उभी राहिली व अनेक विद्यापीठांत पसरली.

या मुलांनी जगाला उपदेश केला नाही, ही गोष्ट आम्हांस सर्वाधिक महत्त्वाची वाटते. त्यांनी प्रश्न विचारला तो आपल्याच विद्यापीठास, आणि विचारण्यापूर्वी पेटंटचे करार, किंमती, कायदा यांचा अभ्यास केला. (ज्या औषधासाठी एवढा लढा झाला, ते दीर्घकाळ वापरल्यास नाडीतंतूंवर व शरीरातील मेदावर विपरीत परिणाम करते, असे पुढे निष्पन्न झाले आणि २००९ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याचा वापर हळूहळू थांबविण्याची शिफारस केली. औषध सुलभ करणे आणि त्याच्यावर नजर ठेवणे ही दोन्ही कामे करावी लागतात.)

आपल्या शास्त्राला ही दृष्टी परकी आहे काय? चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्याय प्रत्येक पदवीधर वैद्याने वाचलेला आहे. कांपिल्य नगरीजवळ गंगातीरी फिरत असता भगवान आत्रेय अग्निवेशास सांगतात की, वायू, जल, देश व काल बिघडले की निरनिराळ्या प्रकृतीची माणसे एकाच वेळी रोगग्रस्त होतात. भूमी नीरस होण्यापूर्वीच औषधी गोळा करून ठेवण्याची सूचनाही तेथेच आहे. बिघाडाचे मूळ शोधताना ते राज्यकर्त्यांच्या व प्रजेच्या अधर्मापर्यंत जातात. सार्वजनिक आरोग्याचा इतका व्यापक विचार आचार्य एका शिष्यापुढे मांडतात, आणि तो शिष्य अजून शिकतो आहे! त्याच विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात संधायसंभाषा व विगृह्यसंभाषा यांचा सविस्तर विचार आहे. बोलण्यापूर्वी समोरची व्यक्ती व परिषद पारखून घ्यावी, हे तेथे सांगितले आहे. आमच्या महाविद्यालयांत हा अध्याय परीक्षेपुरता पाठ होतो. वर्गात प्रत्यक्ष संभाषा घडवून आणणारे अध्यापक विरळाच.

आयुर्वेदाची बाजू जगापुढे मांडली गेलीच नाही, असे नाही. हळदीच्या व्रणरोपण गुणावर अमेरिकेत १९९५ साली दिलेले पेटंट १९९७ साली रद्द झाले, ते डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआरने जुने लेखी पुरावे सादर केले म्हणून. त्यातूनच पारंपरिक ज्ञानाच्या अंकीय ग्रंथालयाची कल्पना बळावली. जानेवारी २०२४ मध्ये आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांतील व्याधींच्या संज्ञा आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीस जोडण्यात आल्या. मे २०२४ मध्ये जिनिव्हा येथे जनुकीय संसाधने व तत्संबंधी पारंपरिक ज्ञान यांविषयी करार स्वीकारला गेला. पेटंट मागणाऱ्याने वनस्पती वा ज्ञान कोठून घेतले हे उघड करावे, हे त्याचे सूत्र आहे. मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने पारंपरिक वैद्यकासाठी २०३४ पर्यंतचे धोरण संमत केले. हे सर्व शासनाने, शास्त्रज्ञांनी, मुत्सद्द्यांनी केले. या निर्णयांचे बरेवाईट परिणाम भोगून ज्यांना तीस-चाळीस वर्षे व्यवसाय करावयाचा आहे, ते आज द्वितीय वर्षात द्रव्यगुण शिकत आहेत.

मग त्यांनी जगापुढे काय न्यावे? आमच्या मते सह्याद्रीच्या रानातच त्याचे उत्तर आहे. १९६६ साली अमेरिकेत मनरो वॉल व मनसुख वाणी यांनी एका चिनी वृक्षापासून कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य वेगळे केले. हे वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. त्यापासून पुढे टोपोटेकॅन व इरिनोटेकॅन ही कर्करोगावरील औषधे सिद्ध झाली आणि १९९६ साली त्यांना अमेरिकेत मान्यता मिळाली. हेच द्रव्य आपल्या घाटमाथ्यावरील नरक्या या झाडात विपुल सापडते, हे १९७२ सालीच प्रसिद्ध झाले होते. परिणामी नरक्याची बेसुमार तोड झाली. लाकूड तोडणाऱ्याला किलोमागे मिळाले ते चिल्लर, आणि त्या द्रव्यापासून बनलेले इंजेक्शन त्याच्याच घरातील रुग्णास परवडेल, अशी खात्री कोणी देऊ शकत नाही. येलच्या मुलांपुढे होता तो प्रश्न येथे याहून फार वेगळा नाही. कोकणातील वा कोल्हापुरातील आयुर्वेद महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याने या झाडाचा प्रवास रानापासून कारखान्यापर्यंत नोंदवून काढला, तर जगातील कोणत्याही व्यासपीठावर त्याला कान देऊन ऐकतील.

तीच गोष्ट आपल्या रोजच्या द्रव्यांची. गुग्गुळाची व जटामांसीची गणना नष्ट होण्याचा कमाल धोका असलेल्या वनस्पतींत झाली आहे. कुष्ठाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सर्वांत कडक बंधने आहेत. अशोकाच्या सालीऐवजी शोभेच्या खोट्या अशोकाची साल बाजारात खपते, नागकेशराच्या नावाखाली सुरंगीच्या कळ्या येतात. हे व्यापाऱ्यास ठाऊक आहे, फार्मसीवाल्यास ठाऊक आहे, अनुभवी वैद्यासही ठाऊक आहे. विद्यार्थ्यास मात्र ते संग्रहालयातील बरणीवरील चिठ्ठीपलीकडे कोणी दाखवीत नाही.

याहून अवघड विषय जड धातूंचा. तो टाळून आमच्या औषधी-निर्मात्या मित्रांना खूश करता आले असते, पण परिषदेला जाणाऱ्या मुलांची त्यात फसगत होईल. २००४ साली अमेरिकी वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा वा अर्सेनिक आढळले. २००८ साली आंतरजालावरून मागविलेल्या १९३ उत्पादनांच्या तपासणीतही प्रमाण साधारण तेवढेच, म्हणजे पाचांत एक, निघाले. आपल्याकडे तेव्हा हा परकीय कंपन्यांचा कट आहे असे म्हणून अनेकांनी विषय मिटविला. शासनाने मात्र १ जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या काष्ठौषधी कल्पांसाठी धातूंची तपासणी सक्तीची केली, हे बरे झाले. परदेशातील कोणताही वैद्यक विद्यार्थी आपल्या विद्यार्थ्यास पहिला प्रश्न हाच विचारणार, यात आम्हांस तिळमात्र शंका नाही. शास्त्रोक्त शोधन-मारण करून सिद्ध केलेला रसकल्प, तो वैद्याच्या देखरेखीवाचून घेणारा ग्राहक, आणि ज्यात धातू असण्याचे कारणच नाही अशा चूर्णात दूषित मातीतून वा यंत्रातून उतरलेले शिसे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक सांगता येण्यासाठी विद्यार्थ्याने तपासणीचे अहवाल स्वतः पाहिलेले असले पाहिजेत. रसकल्पांच्या सुरक्षिततेविषयी आधुनिक कसोट्यांवर अजून पुष्कळ काम व्हावयाचे आहे, हेही त्याने न कचरता सांगावे. "आमचे शास्त्र पाच हजार वर्षांचे आहे" या उत्तराने फार तर घरच्या सभेत टाळ्या मिळतात. त्याला विगृह्यसंभाषा म्हणत नाहीत.

आता थोडे अप्रिय. परिषदांचा सध्या एक बाजारच मांडला गेला आहे. नावात 'आंतरराष्ट्रीय' आणि 'जागतिक' असलेली निमंत्रणे विद्यार्थ्यांस येतात. शुल्क भरले की प्रमाणपत्र, अधिक शुल्क भरले की व्यासपीठावर पाच मिनिटे आणि एखादा पुरस्कार. आमच्या परिचयाच्या एका पालकाने यासाठी कर्ज काढले. मुलगी परत आली ती छायाचित्रे घेऊन, आणि तेथे कोणता ठराव झाला हे तिला सांगता आले नाही. यात त्या मुलीला दोष देण्यात अर्थ नाही. महाविद्यालयांना मूल्यांकनाच्या तक्त्यात आकडे हवे असतात, विद्यार्थ्यांना परिचयपत्रात ओळी, आणि आयोजकांना शुल्क.

म्हणून आमची सूचना अशी की, आपल्या संघटनेच्या जिल्हा शाखांनी जवळच्या महाविद्यालयांतून दरवर्षी दोन-तीन विद्यार्थी निवडावेत. निवड वक्तृत्वावर नको, वर्षभराच्या कामावर हवी. एका द्रव्याची बाजारपाहणी, एका तालुक्यातील प्रतिजैविकांच्या वापराची नोंद, किंवा आयुर्वेदीय औषधांच्या विपरीत परिणामांचे दहा-वीस नीट भरलेले अहवाल, इतकेही पुरे. अशा अहवालांची राष्ट्रीय व्यवस्था २००८ सालापासून आहे, पण खासगी वैद्यांकडून तिकडे फारसे काही जात नाही. विद्यार्थी चिकित्सालयात येऊन बसला, तर हे कामही होईल.

फार्मसीचालकांकडे आमची मागणी जरा अधिक आहे. निवडलेल्या विद्यार्थ्यास गेल्या तीन वर्षांच्या कच्च्या मालाच्या खरेदीवह्या व धातुतपासणीचे अहवाल पाहू द्यावेत. व्यापारगुपिते उघड होतील ही भीती आम्ही समजू शकतो. पुरवठादारांची नावे व भाव झाकून ठेवावेत, द्रव्य, परिमाण, आवकेचा प्रदेश आणि नाकारलेला माल एवढेच दाखवावे. एका फार्मसीने नकार दिला तर विद्यार्थी दुसरीकडे जाईल, आणि सर्वांनीच दिला तर तेही तो परिषदेत सांगेल, याची कल्पना असू द्यावी. प्रवासखर्चाचा भार शाखेने व फार्मसींनी निम्मा-निम्मा उचलावा, परंतु विद्यार्थ्याच्या निबंधावर देणगीदाराने शाई चालवू नये. परत आल्यावर त्याने शाखेच्या मासिक सभेत तासभर बोलावे आणि वैद्यांनी त्याला प्रश्न विचारावेत, हीच त्या खर्चाची पावती. या सूचनेवर शाखांनी आपली मते, विरोधी असली तरी, पुढील अंकापूर्वी संपादक मंडळाकडे लेखी पाठवावीत.