देवाच्या नावाचं पाळणाघर

'देव आपला पिता आहे' या वाक्याचा आम्हा मराठी ख्रिस्ती घरांमध्ये फार सोयीचा अर्थ लावला जातो. मूल मोठं झालं, नोकरीला लागलं, की आईवडिलांची काळजी देवाच्या नावावर वर्ग होते. नोकरी कुठे करायची, खोली कुणाबरोबर घ्यायची, लग्न कुणाशी, सगळी देवाची इच्छा. आणि नवल म्हणजे देवाची इच्छा दर वेळी घरच्यांच्या इच्छेशी तंतोतंत जुळते.

नगरहून पुण्याला, पुण्याहून बंगळुरूला गेलेल्या माझ्यासारख्यांसाठी उधळ्या पुत्राचा दाखला तर ठरलेलाच. बापाचं घर सोडलं की माणूस डुकरांच्या शेंगांवर येतो, हा त्याचा सारांश. पण लूकच्या पंधराव्या अध्यायातला बाप मुलाला अडवत नाही, त्याचा वाटा काढून देतो. आणि गोष्ट संपते तेव्हा मेजवानीच्या दाराबाहेर रुसून उभा असतो तो थोरला, ज्याने घर कधी सोडलंच नाही. मला साधं करडूसुद्धा दिलं नाहीत, ही त्याची तक्रार. इतकी वर्षं बापाजवळ राहून त्याला बाप कळला नाही, हिशेब तेवढा कळला. तरुणांना हा भाऊ कुणी का दाखवत नाही?

ऑफिसातले माझे नास्तिक मित्र म्हणतात, देव म्हणजे मोठा करून पाहिलेला बाप. लहानपणीची असहायता सुटत नाही म्हणून माणूस तो कवटाळतो. फ्रॉइडने 1927 साली साधारण हेच लिहिलं. आमच्या मंडळीत त्यांना महिनाभर आणून बसवलं, तर त्यांना पुरावेच मिळतील, याचा मला राग येतो.

मला त्यांच्यासाठी उत्तर सापडतं ते पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात. 1874च्या सुमारास, सोळाव्या वर्षी, दुष्काळात त्यांचे आईवडील गेले. पुढे लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पती गेले. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्या पंचवीस वर्षांच्या होत्या आणि सोबत लहान मुलगी होती. अशा बाईने देवात फक्त हरवलेले आईबाप शोधले असते, तर कुणी नावं ठेवली नसती. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन तर त्यांच्या धर्मातल्या आईच होत्या. तरीही त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं की नाही, हे बिशप ठरवू लागले, तेव्हा रमाबाईंनी जेराल्डीनना स्पष्ट लिहिलं की मला माझी बुद्धी आहे, माझा विवेक आहे. त्रैक्याच्या सिद्धांतावरही त्या वाद घालत राहिल्या. विश्वास मात्र सोडला नाही. आणि 1896-97च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, उपाशी मुलींना घेऊन आल्या आणि केडगावला त्यांच्यासाठी घर उभं केलं.

भुकेत आईबाप गमावलेली मुलगी भुकेल्या मुलींची आई झाली. विश्वासातली सुरक्षितता मी याला म्हणतो. ती असली की वडीलधाऱ्यांना नाही म्हणताना पायाखालची जमीन सरकत नाही, आणि दुसऱ्याला आसरा देताना आपलं कमी पडेल ही भीती राहत नाही. जो विश्वास या दोन्ही गोष्टी करू देत नाही, तो आपल्याला फक्त सांभाळत असतो.

प्रभूच्या प्रार्थनेत आपण देवाला 'माझा' पिता म्हणत नाही, 'आमचा' म्हणतो. माझे वडील माझ्या शेजारी उभे राहून तेच म्हणतात. त्यांनी ते मनापासून म्हटलं असेल, तर देवासमोर ते माझे थोरले भाऊ आहेत. थोरल्या भावाचा सल्ला ऐकावा, पटला नाही तर तसं सांगावं, आणि तो थकला की त्याला सांभाळावं. एवढं तरी आम्हाला करू द्या.