शाळेच्या फाटकावरची धमकी

रायपूरच्या पुरानी बस्तीत महामाया मंदिर आणि दूधाधारी मठ यांच्या आसपासच्या अरुंद गल्ल्यांतून एखादी शिक्षिका शाळा सुटल्यावर पायी घरी निघते, तेव्हा वाटेत भेटणाऱ्या निम्म्या चेहऱ्यांशी तिचा शाळेतला संबंध असतो. किराणा जिथून येतो तो दुकानदार एका विद्यार्थ्याचा बाप असतो, ज्याच्या घरात ती भाड्याने राहते त्याची नात तिच्याच वर्गात बसते. वस्ती जुनी आणि नातीही जुनी. अशा ठिकाणी एखाद्या पालकाने फाटकावर उभे राहून 'देख लेंगे' असे दोनच शब्द उच्चारले, तरी ते शाळेच्या आवारात राहत नाहीत, तिच्या उंबऱ्यापर्यंत जातात.

मग काय होते, हे देशातल्या कोणत्याही गावच्या शिक्षकाला ठाऊक आहे. मुख्याध्यापक खोलीत बोलावून म्हणतात, 'मिटवून टाका, दोन शब्द माफीचे बोला.' सहकारी हजेरीपटात मान घालून बसतात. वरिष्ठ कार्यालय बदलीचा कागद तयार ठेवते आणि त्याला सुरक्षिततेचा उपाय म्हणते. गुन्हा ज्याने केला त्याला कोणी काही विचारत नाही. जिने मूल नापास केले, कॉपी पकडली किंवा गैरहजेरी लिहिली, तीच आरोपी ठरते.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण शिक्षक संघटनांतील आपल्याच साथींकडून तो अनेकदा नजरेआड होतो. मुलाच्या पाठीवर वळ पाहून कामावरची मजुरी बुडवून शाळेत धावत आलेला हमाल किंवा रिक्षावाला तारस्वरात बोलतो, प्रसंगी शिवीही देतो. त्याची भाषा अयोग्य असेल, पण तक्रार न्याय्य आहे. शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही निषिद्ध ठरवले आहेत. जातीवरून मुलाला टोचून बोलणाऱ्या शिक्षकाच्या पाठीशी 'आपला माणूस' म्हणून उभे राहणारी संघटना कष्टकऱ्यांच्या वस्तीत आपला सारा नैतिक अधिकार गमावून बसते, आणि उद्या खरी धमकी आली की तिच्या मदतीला वस्तीतले कोणी येत नाही.

खरी धमकी बहुधा वेगळ्या माणसाकडून येते. तिच्यामागे वॉर्डातल्या पुढाऱ्याचा फोन असतो, जातपंचायतीतले वजन असते, ठाण्यातली ओळख असते. खासगी शाळेत तिच्यामागे फीची पावती असते. शिक्षण एकदा विक्रीला काढले की पालक गिऱ्हाईक होतो, शिक्षिका दुकानातली नोकर होते, आणि गिऱ्हाइकाची नाराजी संस्थाचालकाला न्यायाहून महाग वाटते.

पण सरकारी शाळेतली शिक्षिका तरी निर्भय कधी होती? अविभाजित मध्य प्रदेशात गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात शिक्षाकर्मी पद्धत आली. स्थानिक संस्थांकडून नेमणूक आणि नियमित शिक्षकाहून कमी वेतन, असा तिचा व्यवहार होता. दीर्घ आंदोलनांनंतर १ जुलै २०१८ पासून छत्तीसगडमध्ये या शिक्षकांचे शिक्षण खात्यात संविलियन सुरू झाले. ज्याची नेमणूक गावातल्याच वजनदारांच्या मर्जीवर अवलंबून होती, त्याने त्यांच्या मुलाला नापास करण्याचे धैर्य कोठून आणावे? अतिथी आणि कंत्राटी शिक्षकांबाबत हाच प्रश्न आजही उभा आहे.

कायदा आहे. १ जुलै २०२४ ला लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ नुसार लोकसेवकाला कर्तव्यापासून परावृत्त करण्यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर करणे हा गुन्हा आहे. कलम ३५१ धमकीसाठी आहे. खासगी विनाअनुदानित शाळेतली शिक्षिका लोकसेवक नसल्याने तिच्या हाती दुसरेच उरते. मात्र ठाण्याची पायरी चढताना पुरानी बस्तीने एक गोष्ट विसरू नये. ५ सप्टेंबर २०२१ रोजी, म्हणजे शिक्षकदिनीच, धर्मांतराच्या तक्रारीवरून याच वस्तीच्या पोलिस ठाण्यात बोलावलेल्या एका पाद्र्याला जमावाने ठाण्यातच मारहाण केली. पुढे पोलिस अधीक्षकांची बदली झाली, पण जमाव आत शिरला तो शिरलाच. एकट्याने दिलेला अर्ज आणि वीस जणांनी सोबत जाऊन दिलेला अर्ज यांत काय अंतर असते, हे अशा ठिकाणी कळते.

एकटे पाडण्याची किंमत फ्रान्समध्ये साऱ्या जगाने पाहिली. ऑक्टोबर २०२० मध्ये सॅम्युएल पाती या इतिहासाच्या शिक्षकाविरुद्ध एका विद्यार्थिनीच्या बापाने चित्रफीत पसरवली. ती मुलगी त्या तासाला वर्गात नव्हतीच. शाळेतल्या काही सहकाऱ्यांनी आपण पातींशी सहमत नसल्याचे लिहून कळवले. १६ तारखेला ते शाळेतून पायी निघाले आणि वाटेत त्यांचा खून झाला. बाप डिसेंबर २०२४ मध्ये पॅरिसच्या न्यायालयात दोषी ठरला. धर्माभिमान फक्त परक्याचाच हिंसक असतो असे मानणाऱ्यांनी फेब्रुवारी २०२४ मधले मंगळूरही पाहावे. पालकाची म्हणून पसरलेली एक ध्वनिफीत, शाळेच्या दारात आमदारासह जमाव, आणि सरकारी चौकशीपूर्वीच नोकरीतून काढलेली सातवीची शिक्षिका.

बुढा तालाबाजवळच्या शाळेला माधवराव सप्रे यांचे नाव आहे. टिळकांचे 'गीतारहस्य' हिंदीत नेणारा हा मराठी माणूस १९०८ मध्ये राजद्रोहाच्या कलमाखाली पकडला गेला आणि थोरल्या भावाच्या हट्टापुढे हतबल होऊन त्याने माफीनामा लिहिला. त्याची बोचणी त्यांना पुढे कित्येक वर्षे राहिली. मिटवून टाकण्याचा सल्ला देणाऱ्या मुख्याध्यापकांना हा इतिहास माहीत असायला हरकत नाही.

मग करावे काय? संतापलेल्या पालकाला एकटीने भेटू नये. भेट कार्यालयात, दुसऱ्या शिक्षकासमक्ष व्हावी. धमकीचे शब्द जसेच्या तसे, वेळ आणि साक्षीदारांसह, त्याच दिवशी लिहून मुख्याध्यापकांकडे द्यावेत व पोच घ्यावी, कारण पोच नसलेला अर्ज महिन्याभरात अस्तित्वातच नसतो. प्रत शिक्षणाधिकाऱ्याकडे आणि संघटनेच्या शाखेकडे जावी. रात्री आलेल्या संदेशांना उत्तर देऊ नये, पण ते पुसूही नयेत. आणि शाळा व्यवस्थापन समिती बोलवावी. कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात. बहुतेक ठिकाणी ती सह्यांपुरतीच उरली आहे, यात शिक्षकांचाही दोष आहे, कारण कष्टकरी आया समितीत बोलू लागल्या तर आपलीही झाडाझडती होईल ही भीती त्यांना असते. ती झाडाझडती जिथे होते तिथेच धमकी देणाऱ्यासमोर उभ्या राहायला आया पुढे येतात. विनाअनुदानित शाळांना या समितीची सक्ती नाही. तेथे शिक्षकांची संघटना बांधण्याचे काम अद्याप जवळजवळ सुरूच झालेले नाही.

आणि मूल? बाप फाटकावर ओरडून गेला तरी दुसऱ्या दिवशी ते आपल्या बाकावर येऊन बसते, खाली मान घालून. त्याची वही इतरांच्या वह्यांबरोबर तपासली गेली पाहिजे, त्याच शाईने आणि त्याच मापाने.