दोन सनांचा प्रश्न

जून उजाडला की आपल्या घराघरांतून एकच तक्रार कानी येते : विद्यापीठात गेलेली मुले काही शोधत नाहीत, मोबाइलवर दिसेल ते उतरवून काढतात. तक्रार खोटी नाही. पण ती करण्याचा अधिकार आपल्याला आहे काय, असा आमचा सवाल आहे.

बडोदे संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण केव्हा सुरू झाले, हा साधा प्रश्न घ्या. एका ठिकाणी १८९३ सापडते, दुसऱ्या ठिकाणी १९०६. प्रथम वर्षाचा विद्यार्थी यांतले आधी दिसेल ते लिहून मोकळा होतो. वस्तुतः दोन्ही सन खरे आहेत. १८९३ चा प्रयोग अमरेली तालुक्यापुरता होता. १९०६ मध्ये ती सक्ती सर्व संस्थानाला लागू झाली. हे उमगण्यास पाठांतर कामाचे नाही. दोन नोंदी शेजारी ठेवून प्रत्येक नोंद नेमकी कशाविषयी बोलते, हे पाहण्याची सवय हवी. ती लावली कोणी? शाळेत एका प्रश्नाला एकच उत्तर, तेही गाईडातले! पुढे महाविद्यालयात पहिल्या आठवड्यात ग्रंथालयातून तासभर फिरवून आणायचे आणि उशिराचा दंड किती ते सांगायचे, की संपले शिक्षण. आता तर संगणकीय यंत्रे कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या पुस्तकाचे नाव लेखकासह सांगतात. ते पडताळावे कसे, याचा तास आमच्या पाहण्यातील एकाही वेळापत्रकात नाही.

आणि हे कोठे, तर सयाजीरावांच्या बडोद्यात! त्यांनी १९१० मध्ये अमेरिकेतून बॉर्डन यांना बोलावले, १९११ मध्ये ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणवर्ग काढला. १९१२ पासून निघालेल्या ‘लायब्ररी मिसेलनी’त इंग्रजी व गुजरातीबरोबर मराठीलाही स्थान होते. वाचकाला ग्रंथापर्यंत नेणारा माणूस मुद्दाम घडवावा लागतो, हे तेव्हा ओळखले गेले होते.

मुलांकडे बोट दाखवणारे आपण तरी काय करतो? पु. ल. देशपांडे यांनी कधीही न लिहिलेले परिच्छेद त्यांच्या नावाने रोज सकाळी पुढे धाडतो. घराण्याच्या सनदेची कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगतो. तो मोडीतला कागद मात्र घरात कोणालाच वाचता येत नाही. “आजोबा, हे कुठे लिहिले आहे?” असे नातवाने विचारले, तर तो उद्धट ठरतो.

प्रथम वर्षाच्या वर्गावर ग्रंथपालाला शिकवण्याचा तास मिळालाच पाहिजे, आणि त्या तासाला गुणही हवेत. मंडळाने पुढच्या सभेला घरोघरच्या सनदा मागवाव्यात, मोडीचा एखादा जाणकार बोलवावा. नातवंडांनाही आणावे, त्यांचे प्रश्न आधी घ्यावेत.